देचूच्या मापाची बंदूक

माझे यजमान उत्तय्या एका जागी शांत बसलेले मी फार थोड्या वेळा पाहिले. जेवताना अर्ध्या भाकरीवरून उठून ते दारात जात, आभाळ बघून येत आणि मग उरलेली भाकरी संपवत. कॉफीचा पेला हातात घेऊन मळ्यात निघत. तो पेला मला आठवड्याने मिरीच्या वेलाखाली सापडे. लग्नात आम्ही दोघं तिपायांवर बसलो होतो आणि माणसं एकेक येऊन अक्षता टाकत होती, तेव्हा त्यांचा उजवा पाय सारखा हलत होता. माझ्या आईने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ह्यांना ताप आहे का गं?"

गावाला मात्र त्यांच्या ह्या स्वभावाचं कौतुक होतं. शिकारीला निघाल्यावर बाकीचे बंदूकवाले आपापली झाडं धरून दबा धरत. उत्तय्या बंदूक पाठीला अडकवून रान उठवणाऱ्या हाकेकऱ्यांबरोबर कुत्र्यांच्या मागे धावत. डुक्कर पडलं की त्याच्या शेपटीला पहिला हात त्यांचा. आमच्याकडे शेपटीला पहिला हात लावणाऱ्याचा मांसात वेगळा वाटा असतो. तो वाटा आमच्या घरी इतक्यांदा आला की शेजारचे काळय्या म्हणायचे, "उत्तू, आता डुकरंच तुझ्यासाठी शेपट्या धुऊन ठेवत असतील."

शिकारीहून आल्यावर बंदुका साफ करायच्या. सळईला चिंधी गुंडाळून ती नळीतून ओढायची. त्या चिंध्या धुवायला माझ्याकडे येत. सासऱ्यांच्या बंदुकीची चिंधी काळीकुट्ट असे. यजमानांच्या बंदुकीची, मी फाडून दिली तशीच पांढरी परत येई. पहिल्या वर्षी मला वाटलं, त्यांनी आधीच एकदा पुसून घेतली असेल. दुसऱ्या वर्षी कळलं की त्या नळीतून बारच निघत नाही. मी विचारलं नाही. ज्याचं त्याने सांगावं, असं मला वाटलं.

विचारणं अवघड होण्याचं आणखी एक कारण होतं. आमच्या नेल्लिकंडा घराण्यात एक गोष्ट दर सणाला सांगितली जाई. उत्तय्या अकरा वर्षांचे असताना, १९३६ सालच्या कैलपोदला, म्हणजे आमच्या हत्यारांच्या सणाला, सासऱ्यांनी देवाच्या खोलीतली बारा बोअरची दुनळी बंदूक त्यांच्या हातात दिली. झाडाच्या शेंड्याला बांधलेला नारळ त्यांनी पहिल्याच बाराला पाडला. सासऱ्यांना आम्ही सगळे अप्पय्या म्हणत असू. अप्पय्या ही गोष्ट सांगायला लागले की त्यांचा आवाज बदले. ती संपायच्या आत यजमान काहीतरी निमित्त काढून उठलेले असत. लोक म्हणत, किती विनयशील आहे!

१९५९ च्या ऑगस्टमध्ये थोरल्या दिरांचं, माचय्यांचं पत्र आलं. ते लष्करात होते, तेव्हा उत्तरेकडे कुठेतरी बर्फात. त्यांची मुलगी देचम्मा, आमची देचू, शाळेसाठी आमच्याकडे राहायची. मी शिकले त्याच कॉन्व्हेंटात जायची. अप्पय्यांचा चष्मा सापडेना, म्हणून पत्र मी वाचलं. देचू अकरा वर्षांची झाली, ह्या कैलपोदला तिच्या हातात तिची स्वतःची बंदूक असावी, आणि ती उत्तूने निवडावी, असं त्यात होतं.

"निवडायचं काय त्यात?" अप्पय्या म्हणाले. "बंदूक घरात आहे."

देचूने पायरीवरून उडी मारली. "ती? दोन नळ्यांची? खरंच, अज्जा?"

यजमान ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते, ते खांब सोडून दुसऱ्या खांबाशी गेले. "अप्पय्या, ती बारा बोअरची आहे. खांद्याला लावायचा दस्ता तिच्या हाताला फार लांब पडेल."

"तुझ्या हाताला पडला होता?"

"माझी गोष्ट..."

"तुझी गोष्ट अख्ख्या गावाला पाठ आहे. अकरा वर्षांचा होतास. हीच बंदूक होती."

"मग दस्ता दोन बोटं कापून घेऊ. सुतार..."

अप्पय्यांनी हात वर केला. "पुन्हा बोलू नकोस. त्या दस्त्याला तीन पिढ्यांचा गाल लागलाय. उद्या म्हणशील, आजोबांचा हात कोपरापासून कापू." मग ते जरा थांबले आणि देचूकडे बघून बोलले, "तुझ्या जन्माला अंगणात बार उडाला नाही, पोरी. मुलगी झाली म्हणून मीच उडवला नाही. तुझा बाप तेव्हा मला काही बोलला नाही, पण विसरलाही नाही. आता त्याच बंदुकीचा बार तू उडव. तुला छोटी बंदूक दिली, तर लोक म्हणतील, नेल्लिकंडांनी नातीच्या हातात खेळणं दिलं."

"मला खेळणं नकोच," देचू म्हणाली.

यजमान तोपर्यंत अंगण ओलांडून मळ्याच्या वाटेला लागले होते.

त्या रात्री ते किती वेळा उठले ते मी मोजलं नाही. सकाळी त्यांनी मला सांगितलं, "पूवी, देचूला तयार कर. विराजपेटला जाऊन येऊ. नुसतं बघून येऊ."

विराजपेटच्या बाजारात मोय्दूभाईंचं बंदुकांचं दुकान होतं. मोय्दूभाई मापळा, म्हणजे मलबारकडचे मुसलमान होते, सत्तरीला आलेले, आणि त्यांच्या मिशा मेंदीने लाल केलेल्या असत. आमच्या तिघांकडे बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "खांदा कोणाचा?"

"हिचा," मी म्हटलं.

त्यांनी शिंप्यासारखी फीत काढली. देचूचा हात कोपरात वाकवून कोपराच्या घडीपासून तर्जनीच्या टोकापर्यंत मोजलं. "आमच्या धंद्यात लोक नळी बघतात. नळी शेवटी बघायची. आधी हात, मग खांदा, मग डोळा. बेटी, डोळे मिटून बंदूक खांद्याला लाव. आता उघड. काय दिसतं?"

"कपाट."

"नळीच्या टोकावरचा मणी दिसतो का?"

"नाही. दस्ताच मध्ये येतोय."

"म्हणजे ही बंदूक तुझी नाही. दुसरी."

दुसरी अगदी नाजूक, बारीक नळीची होती. मलाच ती आवडली. मोय्दूभाईंनी मान हलवली. "ही दिसायला गोड. लोक हीच पोरांना घेऊन देतात आणि फसतात. हिच्यात छर्रे चिमूटभर. मुरलेल्या माणसालाही हिने नेम साधताना घाम फुटतो. पोराचा नेम दहा वेळा चुकला की ते बंदुकीवर रुसतं." मग एक हलकी बारा बोअर दाखवून ते म्हणाले, "आणि ही तर कोणाच्याच पोराला देऊ नका. बंदूक हलकी आणि काडतूस मोठं म्हणजे गाढवाची लाथ. पहिल्या दिवशी लाथ बसली की शरीर ती विसरत नाही. मन विसरतं, शरीर नाही. पुढे चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात. मी असे चांगले धिप्पाड पुरुष पाहिलेत, जन्मभर..."

"मी बसची वेळ बघून येतो," यजमान म्हणाले आणि गेले.

बस सुटायला दीड तास होता. मोय्दूभाई दाराकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. 

शेवटी त्यांनी आतून एक बंदूक आणली. वीस बोअर, म्हणजे बाराहून बारीक नळीची, आणि एकनळी. हाताला थोडी जड होती. "हे वजन पोरीला आवडणार नाही, पण लाथ हेच वजन खातं. छोटं काडतूस, भरीव बंदूक. नळी एकच, म्हणजे बारही एकच. एकच आहे म्हटल्यावर माणूस विचार करून चाप ओढतो. आणि दस्ता आधीच आखूड केलेला आहे. एका गोऱ्या मळेवाल्याने बायकोसाठी करून घेतला होता."

"मेमसाहेबाची?" देचूने नाक उडवलं. "मला नको."

"मेमसाहेब तीन महिन्यांत आपल्या देशाला पळाली, बेटी. बंदुकीला तिचा वाससुद्धा लागला नाही. लाव खांद्याला. डोळे मिट. उघड."

देचूने डोळे उघडले. "मणी दिसतो."

"कुठे?"

"बरोबर मधे." मग तिला आठवलं की आपल्याला ही नको आहे. "पण दोन नळ्या नाहीत."

"मागच्या अंगणात एक बार काढून बघायला साहेबांना बोलावता का?" मोय्दूभाईंनी मला विचारलं.

मी बाहेर गेले. यजमान बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, एका भांड्यांच्या दुकानापुढून इकडून तिकडे जात होते. मी त्यांना बार काढायला बोलावलं नाही. हीच घ्यायची, एवढंच सांगितलं.

बसमध्ये त्यांनी तीन जागा बदलल्या आणि आमच्या थांब्याच्या एक थांबा आधीच आम्हाला उतरवलं. देचू बंदुकीचा खोका घ्यायला तयार नव्हती; ती हात हलवत पुढे निघून गेली. भाताच्या खाचरांमधल्या बांधावर यजमान मागे बघत न थांबता बोलले.

"मी पेरूच्या झाडावरून पडलो नव्हतो, पूवी."

त्यांच्या गळ्याजवळच्या उजव्या हाडावर एक गाठ होती. लहानपणी पेरूवरून पडल्याची, असं मला लग्नानंतर त्यांनीच सांगितलं होतं.

"नारळाच्या दिवशी मोडलं हे हाड. दस्ता खांद्याला नीट लागेना, म्हणून त्याच्यावरच टेकवला. बोट कुठे पोचतंय कळेना. दोन्ही चाप एकदम ओढले गेले. दोन्ही नळ्या एकदम उडाल्या. नारळ पडलेला मी बघितलाच नाही. माझे डोळे मिटलेले होते."

"आणि मग?"

"मग अजून मिटतातच." ते आणखी झपझप चालू लागले. "तुला ठाऊक होतं."

"चिंध्यांवरून," मी म्हटलं.

ते थांबले, हसले, आणि पुन्हा चालायला लागले. "तू आणि तुझ्या चिंध्या."

घरी अप्पय्यांनी खोका उघडून बंदूक हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत ठेवली. "चांगली आहे. परत देऊन ये."

"अप्पय्या..."

"पितरांच्या दिव्याखाली परक्या बाईची कापलेली बंदूक ठेवणार नाही. कैलपोदला मी देचूच्या हातात घरची बंदूक देणार. मग काय निवडायचं ते निवडा."

ह्याचा अर्थ आम्हाला माहीत होता. त्या सणाला घरच्या कर्त्याने दिव्यापुढून एकदा कोणाच्या हातात बंदूक दिली की ती त्याची. मग ती बदलायची नसते. सणाला अकरा दिवस राहिले होते.

ते अकरा दिवस यजमान घरात टिकले नाहीत. भाताची लावणी झालेली, मळ्यात फारसं काम नाही, तरी पहाटे निघत आणि अंधार पडायला येत. कुंपणाचे चांगले खांब उपटून पुन्हा रोवले. कारी नावाची आमची कुत्री त्यांच्या मागे धावून धावून थकली आणि चौथ्या दिवसापासून ओसरीवरच पडून राहू लागली. देचू रोज शाळेतून आली की देवाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून भिंतीवरच्या मोठ्या बंदुकीकडे बघायची. वीस बोअरची तांदळाच्या कणगीमागे उभी होती.

सणाच्या तीन दिवस आधी, भर दुपारी, मी कोठीत गेले तर यजमान जमिनीवर मांडी घालून बसले होते. मांडी घातलेली बघूनच मी दचकले. त्यांनी बारा बोअरच्या काडतुसांची तोंडं उघडली होती आणि त्यातली दारू कागदावर काढून, थोडीशीच परत भरत होते.

"अर्धीच भरतो," ते म्हणाले. "आवाज होईल, धूर होईल, लाथ बसणार नाही. अप्पय्यांचीही हौस भागेल. कोणाला कळणार नाही."

मी दारात उभी राहिले. कॉफीच्या वासात दारूचा वास मिसळला होता.

"आणि डिसेंबरात?" मी विचारलं. "शिकारीला काळय्या आपल्या पट्ट्यातलं काडतूस काढून तिला देतील तेव्हा?"

त्यांचा हात थांबला.  मग त्यांनी कागदावरची दारू सगळी गोळा केली, बाहेर नेली आणि न्हाणीच्या पाण्यात ओतली.

सणाच्या सकाळी बंदुका दिव्यापुढे मांडल्या. प्रत्येक नळीच्या तोंडात लाल-पिवळं कळलावीचं फूल खोवलं. डुकराचं मटण आणि तांदळाचे उंडे झाले. देचूने जेवताना दोनदा पाणी सांडलं. पुरुषांनी काळे अंगरखे घातले, कमरेला लाल शेले बांधले, आणि सगळे गावच्या माळावर निघाले. कर्त्याने घरीच बंदूक द्यायची, पण अप्पय्यांना ती सगळ्या गावासमोर द्यायची होती. त्यांनी ती स्वतःच्या खांद्यावरून नेली.

माळाच्या कडेच्या उंच झाडाला नारळ बांधले होते. दोन-तीन घरांच्या माणसांनी बार काढले. एक नारळ फुटला, पोरं ओरडली. मग अप्पय्या पुढे झाले.

"आमची देचम्मा," ते म्हणाले. "माचय्याची मुलगी. ह्याच बंदुकीने, हिच्याच वयाच्या..."

"अप्पय्या, आधी मी," यजमान म्हणाले.

अप्पय्यांना क्षणभर कळलंच नाही. मग त्यांचा चेहरा फुलला. तेवीस वर्षांत यजमानांनी त्या माळावर बार काढला नव्हता. दर वर्षी मिरवणुकीची व्यवस्था, पाहुण्यांची बसायची सोय, काहीतरी काम त्यांच्यामागे असे. "घे, घे. दाखव तिला."

यजमानांनी बंदूक घेतली, नळ्यांतली फुलं काढली. दोन काडतुसं भरली. ती पूर्ण भरलेली होती, मी त्यांच्या पट्ट्यात सकाळी बघितली होती. ते रेषेवर उभे राहिले आणि देचूला हाक मारली.

"इथे ये. माझ्या समोरून बाजूला. अशी. आता नारळाकडे बघायचं नाही."

"मग कुठे बघू?"

"माझ्या तोंडाकडे."

त्यांनी बंदूक खांद्याला लावली. मी पाहत होते. चाप ओढायच्या आधी खांदा आपोआप मागे सरला, मान आखडली, गाल दस्त्यावरून उचलला गेला. बार झाला. झाडाची दोन पानं गळून पडली. पुन्हा तसंच. दुसरा बार आभाळात गेला.

"काका!" देचू ओरडली. ती मुद्दाम मोठ्याने ओरडली नव्हती, पण बारानंतर सगळे गप्प होते. "काका, तुम्ही डोळे मिटलेत! दोन्ही वेळा!"

कोणीतरी हसलं. काळय्या म्हणाले, "पोरी, काकांच्या डोळ्यांत धूर गेला असेल."

"नाही, आधीच मिटले. चाप ओढायच्या आधी."

"बरोबर बघितलंस," यजमान म्हणाले. त्यांचे पाय एकदाचे जागेवर होते. "तेवीस वर्षं मिटतायत."

"काय बोलतोस, उत्तू," काळय्या म्हणाले. "मग तेव्हाचा तो नारळ कोणी पाडला, वाऱ्याने?"

"छर्ऱ्यांनी. मी तिथे नव्हतो, काळय्या. माझं हाड मोडलं होतं आणि मी आत कुठेतरी पळालो होतो. अजून पळतोच आहे. शेपटीपर्यंत पहिला मी पोचतो, कारण बंदूक घेऊन बसायला मला जमत नाही. ह्या पोरीचं तसं व्हायला नको."

हसणं थांबलं. लोक अप्पय्यांकडे बघायचं टाळत होते, म्हणून सगळे नारळांकडे बघू लागले. अप्पय्यांनी यजमानांच्या हातून बंदूक घेतली, उघडून रिकामी काडतुसं काढली, ती खिशात टाकली आणि घराकडे चालू लागले. एकटेच.

"झालं," काळय्या पुटपुटले. "उत्तू आता महिनाभर मळ्यातच जेवणार."

देचूने बार काढला नाही.  परतताना मात्र ती यजमानांचा हात धरून चालत होती, आणि ते तिच्यासाठी सावकाश चालत होते. मला ते दोघे मागून अनोळखी वाटले.

घरी आलो तेव्हा अजून ऊन होतं. अप्पय्या ओसरीवर बसले होते. मांडीवर बंदूक. नळीत पुन्हा फूल खोवलेलं.

"देचम्मा, इकडे ये. हात वाकव."

तिने हात वाकवला. त्यांनी दस्त्याचं टोक तिच्या कोपराच्या घडीत ठेवलं. चाप तिच्या बोटाच्या पुढे चार बोटं होता. ते मागे सरकले. "उचल. खांद्याला लाव. वीस म्हणेपर्यंत धर."

"सहज," देचू म्हणाली. सहापर्यंत तिने धरली. सातला नळी हलायला लागली, दहाला फूल गळून पडलं, बाराला बंदूक तिच्या हातून अप्पय्यांनी अलगद काढून घेतली.

"मी धरली असती!"

"हो." मग ते यजमानांना म्हणाले, "तू ये."

यजमान पुढे झाले. अप्पय्यांनी त्यांचा हात कोपरात वाकवला, चौतीस वर्षांच्या माणसाचा, केस असलेला, काट्यांनी ओरखडलेला हात, आणि दस्ता त्याच्या घडीत ठेवून बघत राहिले. "तेव्हा केवढा होतास?"

यजमानांनी दुसऱ्या हाताने देचूच्या कानाजवळ उंची दाखवली.

"दुखलं होतं?"

"हो."

"का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला खांद्यावर घेऊन माळभर नाचत होता, अप्पय्या. तुम्हाला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं."

अप्पय्यांनी बंदूक पुन्हा मांडीवर घेतली. दस्त्यावर जिथे गाल टेकतात तिथलं लाकूड काळपट, गुळगुळीत झालं होतं. त्यावरून ते अंगठा फिरवत राहिले. "मूर्ख," ते शेवटी म्हणाले.

"मी?"

"दोघंही." ते उठले. "पूवी, ती कणगीमागची घेऊन ये. आणि फूल दुसरं आण, हे पायाखाली गेलं."

दिवा अजून तेवत होता. त्यांनी वीस बोअरची त्याच्यापुढे धरली, तिच्या एका नळीत फूल खोवलं आणि देचूच्या हातात दिली. देचूने ती घेतली, पण तिची नजर भिंतीवर होती.

"आणि ती?"

"ती इथेच आहे. तुझा हात वाढू दे. तिचा दस्ता कोणी कापणार नाही."

"लिहून द्या," देचू म्हणाली. अप्पय्या हसले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हिच्या वहीत लिहिलेलं असतं सगळं." मी रोजनिशी लिहीत असे; खरंच ते त्या दिवसाखाली लिहून ठेवलं आहे.

पुढचे तीन महिने आमच्या परसात पपईची झाडं राहिली नाहीत. देचू शनिवार-रविवार पपयांवर नेम धरून सराव करायची आणि यजमान तिच्या बाजूला उभे राहून तिच्या तोंडाकडे बघायचे. "मिटले," ते म्हणत, किंवा "अर्धे," आणि मग एक दिवस काहीच म्हणाले नाहीत. नोव्हेंबरात त्यांनी एकदा तिची बंदूक मागून घेतली. दोन बार काढले. पहिल्याला मिटले. दुसऱ्याचं देचूने मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, "काकू, एक डोळा उघडा होता. उजवा." त्यानंतर त्यांनी पुन्हा बार काढला की नाही, मला ठाऊक नाही. शिकारीला ते शेवटपर्यंत कुत्र्यांच्या मागेच धावले. बंदूक पाठीला अडकवणं मात्र त्यांनी सोडून दिलं. 

डिसेंबरात रानकोंबड्यांच्या शिकारीला देचू पहिल्यांदा गेली. अप्पय्यांनी तिला आपल्याशेजारी ओढ्याच्या वळणावर बसवलं. यजमान पलीकडून झुडपं बडवत, कारीला घेऊन येत होते. दुपारी सगळे परतले. अप्पय्यांच्या खांद्याला दोन कोंबडे होते. देचूचे हात रिकामे होते आणि तोंड लाल झालं होतं.

"एवढा मोठा," तिने मला हातांनी दाखवलं. "तांबडा, शेपटीला हिरवा. अगदी समोर. जमिनीलगत उडाला."

"मग?"

"नाही मारला." ती पायरीवर बसून बूट ओढू लागली. "अज्जा रागावलेत."

"मी रागावलो नाही," अप्पय्या म्हणाले. "मी विचारलं, एवढं वेळेवर खांद्याला लावलीस आणि मग काय झालं? ही सांगायलाच तयार नाही."

यजमान विहिरीपाशी पाय धूत होते. ते तसेच ओल्या पायांनी आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. "डोळे?"

"उघडे होते," देचू चिडून म्हणाली. "म्हणूनच तर. कोंबड्याच्या मागे झुडपात कारी होती. कान दिसले मला तिचे."

कारी तेव्हा त्या दोघांच्या मध्ये आडवी होऊन पायातला काटा चावून काढत होती. यजमानांनी तिच्या मानेवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून ते तिथे बसले. मी कॉफी दिली. त्यांनी तिथेच, बसूनच, पेला रिकामा केला.

संध्याकाळी देचूने आपली बंदूक स्वतः साफ केली आणि चिंधी मला आणून दिली. ती पांढरीशुभ्र होती.